गोधडी टांगायची कशी?

चार बायका हातोडी घेऊन एका खोलीत शिरल्या की किस्से जमायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर हातोड्याही दोन होत्या!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात लकडगंजला, एका लाकडाच्या टालाच्या, म्हणजे वखारीच्या, वरच्या खोलीत आमचं महिला मंडळ भरायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोधड्यांचं प्रदर्शन करायचं ठरलं. सगळ्यात देखणी गोधडी आणली विमलने. तिच्या सासूबाईंनी आपल्या लग्नातली लुगडी वापरून शिवलेली. सासूबाई लेकीकडे कन्हानला गेल्या होत्या आणि विमलने ती न विचारताच उचलली होती.

"एक भोक पडलं ना, तर मले माहेरी धाडतीन त्या!" विमल म्हणाली. आम्ही हसलो. ती मात्र हसली नाही.

*

पहिला खिळा ठोकायला घेतला तोच टालवाले शेठ धावत वर आले. भिंतीला नुकताच डिस्टेंपर दिलेला.

"बाई, लकडी में जितना ठोकना है ठोको, मेरी दीवार छोड दो!"

*

मग या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली. गोधड्यांच्या वजनाने ती वाकली आणि सगळ्या गोधड्या घसरत मध्ये गोळा झाल्या. नेमक्या तिथेच आमच्या अध्यक्षा मालतीताई भाषणाची प्रॅक्टिस करत होत्या. सुतळी तुटली आणि ताई गडप!

आतून आवाज चालूच होता, "...आणि या प्रदर्शनामुळे आपल्या कलेला प्रकाश मिळेल!"

*

तिसऱ्या प्रयत्नाला बाहेरच्या गॅलरीत तार ताणली, चिमट्यांनी गोधड्या अडकवल्या आणि आम्ही निवांत चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर तार रिकामी! विमल मटकन खालीच बसली.

टालाचे चौकीदार गणपतराव आत गोधड्यांच्या चळतीवर बसून बिडी ओढत होते. "वाळल्या होत्या ना बाई. घड्या करून ठेवल्या म्या."

विमलने आपली गोधडी ओढून काढली आणि चारी बाजूंनी उजेडात धरून पाहिली. बिडीने कुठे डागलेली नव्हती. तेव्हा कुठे तिने चहा घेतला, तोही गार झालेला.

*

शेवटी उपाय सापडला तो परकरात! विमल नेफ्यात नाडी ओवत बसली होती. मालतीताई एकदम ओरडल्या, "अगं, परकराला कुणी खिळा ठोकतं का?"

प्रत्येक गोधडीच्या मागे, वरच्या काठाला जुन्या परकराच्या कापडाचा नेफा शिवला. त्यात काठी घातली आणि काठीची दोन्ही टोकं दोरीने छताच्या वाशाला बांधली. गोधड्या कशा ताठ उभ्या राहिल्या! काठ्या शेठनीच दिल्या. "लकडी चाहिए थी तो पहले बोलना था!"

*

हळदीकुंकवाला खोली बायकांनी भरली. आणि दारात कोण? विमलच्या सासूबाई! कन्हानहून आल्या आल्या त्यांनी पलंगावर गोधडी नाही हे पाहिलं, शेजारणीला विचारलं आणि तशाच इकडे आल्या. विमल माझ्या मागे लपली.

सासूबाईंनी एकदा सगळ्या खोलीवर नजर फिरवली.

"काहून वं विमल, भिंतीले थंडी वाजून राहिली काय?"

कुणी हसलं नाही. त्या आपल्या गोधडीपाशी गेल्या, काठ उलटून मागे पाहिलं.

"हे कोनं शिवलं?"

"मी," विमल म्हणाली.

"खाली काढा."

आम्ही काढली. विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. मालतीताई काहीतरी समजावायला पुढे झाल्या. सासूबाई सतरंजीवर बसल्या, कात्री मागितली आणि नेफा टराटरा उसवून टाकला. मग सुईदोरा मागितला. तोच नेफा त्यांनी पुन्हा लावला आणि बारीक, सारख्या टाक्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवला. हळदीकुंकू थांबलं होतं. दोरा दाताने तोडून त्यांनी गोधडी विमलच्या हातात दिली.

"आता टांग. अन् जरा वर टांग वं, मागच्या बायकाइले दिसली पायजे."