बल्ब माझ्या खिशात होता

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. या सदरातले अनुभव मी वाचायचे, पण खरं सांगायचं तर मैत्रिणींना वाचून दाखवून हसण्यासाठी... त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या घरात नजर, उतारा, अंगात येणं यातलं काहीच नाही. दर रविवारी विहारात 'तपासून बघा, पटलं तर माना' हेच ऐकत मी मोठी झाले. आता इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे — घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. कारण मी तपासलंय, आणि तरीही...

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. माझे पप्पा डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांनी कितीतरी वर्षं खपून एक जुनी मोटरसायकल पुन्हा उभी केलेली. इंजिन आणि चेसी कागदोपत्री होती तीच, बाकी सगळं त्यांच्या मनासारखं. ब्रेकचं पेडल जुन्या पद्धतीचं, डावीकडे. मागच्या लाईटचं पितळी घर तर त्यांनी स्वतः लेथवर काढलेलं.

पप्पा गेल्यावर गाडी दीड वर्ष भिंतीला टेकून ताडपत्रीखाली होती. यंदा तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली, आणि चाळही रिडेव्हलपमेंटला जाणार. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये बंद गाडी कोण ठेवू देणार? मामा भंगारवाल्याशी बोलूनही आलेला. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पासिंग झालं तर नेऊ. नाही झालं, तर मामा करेल ते करेल."

मी घोडबंदर रोडच्या एका ओळखीच्या गॅरेजमधून मागचं मडगार्ड छान काळं रंगवून आणलं. नवी वायर टाकली. सोमवारी आरटीओत पासिंगला जायचं, आणि रविवारी दुपारी कळलं की ब्रेक दाबल्यावर मागची लाईट लागतच नाही.

हे काम दोघांचं असतं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे बसून बघायचं. लहानपणापासून पेडल माझ्याकडे आणि पप्पा मागे — "आली... गेली... आली... गेली..." सगळं नीट झालं की मग जागा बदलायची. ते पुढे येऊन स्वतः एकदा दाबायचे आणि मला मागे बघायला लावायचे. म्हणायचे, हे एक आपल्या समाधानासाठी.

त्या दुपारी मी एकटीच होते. दोन तास मल्टिमीटर घेऊन बसले. मीटरची काळी पिन बॅटरीवर, लाल पिन बल्बच्या होल्डरमध्ये. व्होल्टेज बरोबर सहा! वायर ठीक, बॅटरी ठीक, स्विच ठीक, आणि बल्ब लागत नाही. सगळं पुन्हा सोडवलं, साफ केलं, लाल काच बसवून दोन्ही स्क्रू आवळले. मग शेजारच्या नानांना हाक मारली.

नाना रेल्वेतून रिटायर झालेले. अख्खी नोकरी त्यांनी एका फाटकावर काढली. गाडी गेली की शेवटच्या डब्याचा लाल दिवा बघायचा. तो दिसला तरच गाडी पूर्ण गेली असं पुढे कळवायचं. दिसला नाही, तर मागे कुठेतरी डबे सुटून राहिलेत. त्यामुळे लाल दिव्याच्या बाबतीत चाळीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

स्टूल घेऊन ते गाडीच्या मागे बसले. म्हणाले, "चला इंजिनियर बाई. तुमचा पप्पा एका दुपारी चार गाड्या करायचा."

मी डावीकडे खाली बसून हाताने पेडल दाबलं.

"आली," नाना म्हणाले. मी सोडलं. "गेली."

मला खरंच वाटेना. पुन्हा दाबलं. आली. गेली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आली, पण त्या खालच्या बोल्टापाशी थरथरते गं. डावीकडच्या." चौथ्यांदाही तेच. मी पेडल सोडून उठले, पाना शोधायला वळले, तेव्हा मागून पुन्हा आलं — "आली... गेली. आता मस्त होती."

मला वाटलं, म्हातारा माणूस, एकदा जास्त मोजलं असेल.

लाईट मडगार्डला धरून ठेवणारा तो डावीकडचा बोल्ट काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. खाली नवाकोरा काळा रंग. वीज जाते तशी परतही यावी लागते. या गाडीत त्या लाईटला परतीची वेगळी वायरच नाही, वीज मडगार्डच्या लोखंडातून परत जाते. मी हौसेने रंगवलेल्या मडगार्डने तो रस्ताच बंद केलेला! आणि मी काळी पिन थेट बॅटरीवर ठेवत होते, म्हणून मीटरला सगळं ठीकच दिसत होतं. पप्पा बोल्टाखालचा रंग ब्लेडने खरवडायचे. मला ते आठवायला हवं होतं.

रंग खरवडला. घाम पुसायला शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, तर त्यात काहीतरी टोचलं.

बल्ब.

साफ करायला काढलेला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला आणि परत लावायचा राहिलेला. म्हणजे नाना बघत होते तेव्हा त्या लाल काचेमागे रिकामं होल्डर होतं.

बल्ब बसवला, पेडल दाबलं. "आली," नाना म्हणाले, अगदी मघाच्याच आवाजात. लाईट या वेळी खरंच आलेली, नानांना पेडल दाबायला सांगून मीही मागे जाऊन बघितली.

सोमवारी पासिंग झालं. आई घरी आल्यावर बराच वेळ गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, नव्या घरी हिला पाऊस लागणार नाही अशी जागा बघ.

त्यानंतर मी नानांना खिशातल्या बल्बचं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, मी दिवा न बघता गाडी पूर्ण गेली असं एकदाही कळवलेलं नाही." आणि स्वतःलाच विचारल्यासारखं, "मग मी काय बघितलं?"

त्यांनीच सांगितलं, परत करून बघू. तीच वेळ, तेच ऊन, तेच स्टूल. मी बल्ब काढला, बोल्टाखाली कागद घातला. पेडल करकरतं त्यावरून ते अंदाज बांधत असतील म्हणून तेल दिलं, मग तेल पुसून पुन्हा. काचेवर ऊन पडत असेल म्हणून पोतं धरलं, मग काढलं. वीसेक वेळा तरी दाबलं असेल. नाना दर वेळी शांतपणे म्हणाले, "नाही."

डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना अगदी स्वच्छ दिसतं. ऊन, आवाज, सवय — यातलं काहीही मी मान्य करायला तयार आहे. पण थरथर नेमक्या त्याच बोल्टापाशी कशी दिसली, जिथे खरंच बिघाड होता? कॉलेजमधल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, योगायोग. असेलही.

तो प्रयोग संपवून उठताना मी नानांना विचारलं, त्या रविवारी बल्ब बसवायच्या आधी लाईट किती वेळा आली? म्हणाले, पाच. मी म्हटलं, नाना, मी चारदाच दाबलेलं. पाचव्या वेळी मी उभी होते, पेडलकडे पाठ करून.

त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "पाच," म्हणाले. "शेवटची सगळ्यात नीट."

मी अजूनही काही मानत नाही. फक्त आता वायरिंगचं काम झालं की एकदा जास्त दाबते... आणि मागे कोणी बसलेलं असेल, तर किती वेळा आली ते विचारते.