जात्याशेजारची जागा

दिवस मावळायला लागला की प्रवरेकाठच्या बेलापुरातल्या लंकाबाईच्या घरात कोंबड्या रांगेनं शिरायच्या. पुढं काबरी. ती उंबऱ्यावर थांबायची, मान वाकडी करून आत बघायची, मग एक पाय आत, मग दुसरा. मागनं बाकीच्या दहा. चुलीला वळसा घालून सगळ्या कोपऱ्यात जात्याशेजारी जाऊन बसायच्या. तिथं लंकाबाई जात्याला पाठ टेकून डाळ निवडत असायची. निवडून झालं की कोंबड्यांवर बांबूची दोन डालगी पालथी घालायची आणि वर एकेक वीट ठेवायची. घरातलं हे रोजचं दार लावणं.

लंकाबाई पन्नाशीच्या पुढची. उसाच्या खुरपणीत कंबर गेलेली, म्हणून जात्याचा टेकू. नवरा रंभाजी साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, आता अंगणातल्या खुर्चीवरून बायकोच्या कामावर देखरेख करायचा. एकुलती मुलगी भारती नाशकात दिलेली. लहानपणी दर हिवाळ्यात भारतीला धाप लागायची. मग लंकाबाई तिला उकडलेलं अंडं हळद लावून द्यायची आणि घरातल्या सगळ्यात उबदार जागी झोपवायची, म्हणजे कोपऱ्यात, डालग्यांजवळ. धाप फाल्गुनात कमी व्हायची. अंड्याचा गुण, असं लंकाबाई म्हणायची.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर जावई संदीप एकटाच एसटीनं आला. भारतीला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरल्यासारखंच होतं. त्यानं चहा घेतला आणि बशी खाली ठेवून बोलला.

"मामी, डॉक्टर म्हणाले हा दमा आहे. पिसं, धूळ, कोंबड्यांची घाण, यानं वाढतो. कोंबड्या घरात असतील तर मी तिला इथं नाही पाठवणार. नाशकातच करू."

लंकाबाईनं कोपऱ्याकडं बघितलं. "ती तर लहानपनापासनं खोकती, जावईबापू."

"तेच म्हणतोय मी."

संदीप चारच्या गाडीनं गेला.

"इकून टाक," रंभाजी म्हणाला.

"अन् बाळंतिनीला काय घालू? तुमचं डोकं?"

"घाल की. रस्सा बरा हुईल."

लंकाबाईनं कोंबड्या विकल्या नाहीत. भारतीची वह्यापुस्तकं अंड्यांवर झाली होती. पण कोंबड्या घराबाहेर ठेवायच्या म्हणजे हिवाळ्यात प्रवरेवरून येणारा वारा होता आणि ओढ्यात मुंगूस होतं. भारतीला आणायचं तर थंडी वाढायच्या आत परसात चांगलं खुराडं उभं राहायला हवं होतं, आणि कोंबड्यांनी तिथं निजायला हवं होतं. अवघड निघालं ते दुसरं.

खुराडं रंभाजीनं बांधलं. खाली विटा, वर पत्रा, पुढं फळीचं दार. वारा लागू नये म्हणून चारी बाजूंनी खताच्या रिकाम्या गोण्या ठोकल्या. गोण्या शिवून दिल्या शेजारच्या मेहताबभाभीनं. तिचं शिलाई मशीन भिंतीपलीकडच्या पडवीत असायचं आणि कान भिंतीअलीकडं.

पहिल्या संध्याकाळी लंकाबाईनं एकेक कोंबडी धरून आत सोडली. सकाळी दार उघडून तोंड आत घातलं आणि डोळे चोळत मागं आली. आतला वास डोळ्यांत झोंबत होता. गोण्यांच्या आतल्या बाजूनं पाणी गळत होतं. दोन कोंबड्यांची नाकं वाहत होती.

"ऊब पायजे म्हनलीस ना?" रंभाजी म्हणाला.

"ही ऊब न्हाई. घाम हाय ह्यो."

"गोधडीतनं आपन पन नाक भाईर ठिवतोच की," भिंतीपलीकडून मेहताबभाभी म्हणाली.

"तुमी शिवल्या ना गोन्या? तवाच बोलायचं."

"तवा इचारलं कुनी?"

मग पत्र्याखाली, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, वीतभर जागा मोकळी ठेवून तिथं जाळी मारली. आत बसायला मोडक्या बाजेचं रुंद लाकूड आडवं बसवलं. त्यावर कोंबडी बसली की तिची बोटं पोटाखाली झाकली जात आणि गारठत नसत. खाली वखारीतला लाकडाचा भुसा आणि चुलीतली राख पसरली. रोज सकाळी लंकाबाई घाण खरवडून उकिरड्यावर टाकू लागली आणि ओला झालेला भुसा बदलू लागली. कोंबड्यांची नाकं कोरडी झाली. खुराड्यात तोंड घातलं तर आता नुसता भुशाचा वास यायचा.

तरी दिवस मावळला की काबरी घराच्या उंबऱ्यावरच. लंकाबाईनं दार लावलं, तर सगळ्या दाराशी उभ्या राहिल्या. धरायला गेलं की फडफड, आणि पिसं दाराच्या फटीतून थेट घरात. भारती घरात असताना हे चालणार नव्हतं. एका संध्याकाळी दोघी निसटून लिंबावर चढल्या. सकाळी एकच खाली आली. लिंबाखाली तांबडी पिसं पडलेली होती.

"आता घरातच ठिव," रंभाजी म्हणाला. "पोरगी नाशकातच बाळंत हुईल. आपन जाऊ बघायला."

"पाव्हन्यासारखं?"

"मग काय मालकासारखं?"

लंकाबाई ते बोलणं तिथंच सोडून घरात गेली आणि जात्याची वरची तळी उचलायला लागली.

"आता ह्ये काय?"

"ह्या समद्या ह्या जात्याभवती फिरवल्यात मी. नवी कोंबडी आनली की फिरवायची, मग ती घर सोडत न्हाई. जातं घरात हाय तवर त्या घरातच येनार. धरा तिकडनं."

"माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. अन् त्याची सून कोंबड्या जात्याभवती फिरवती."

"बावीस प्रतिज्ञा मलाबी पाठ हायेत. त्यात कोंबडीचं कायबी न्हाई. धरा."

रंभाजीनं धरलं. जातं परसात खुराड्याच्या दाराशी मांडलं. भिंतीपलीकडं शिलाई मशीन थांबलं होतं.

संध्याकाळी काबरी जात्यावर चढली, तिथं घाण केली, खाली उतरली आणि घराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"बौद्ध झाली ती," रंभाजी म्हणाला.

लंकाबाईनं त्यांना धरून खुराड्यात कोंबलं, दुसऱ्या दिवशीही कोंबलं. पण घरात तिची अडचण झाली होती. कोपऱ्यात टेकायला जातं नाही. भिंतीला टेकलं तर ओल कमरेत शिरायची. दोन दिवस तिनं भिंत सोसली. तिसऱ्या दिवशी डाळीचं सूप उचललं आणि परसात जाऊन, दिवस असतानाच, जात्याला पाठ लावून बसली.

ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं. काबरी घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, मान वाकडी करून आत बघितलं. आत कोणी नव्हतं. ती वळली आणि परस ओलांडून लंकाबाईजवळ आली. सुपाकडं बघितलं, लंकाबाईकडं बघितलं, मग खुराड्यात शिरून लाकडावर चढली. मागनं बाकीच्या. लंकाबाई हातातला दाणा तसाच धरून बसून राहिली.

"बघा," ती हळू म्हणाली. "जात्यानं आनल्या."

"जात्यानं न्हाई," रंभाजी खुर्चीवरून म्हणाला. "तू बसलीस म्हनून आल्या."

"मी जात्यामुळं बसले."

रंभाजीनं उठून खुराड्याचं दार लावलं.

मग रोज तसंच. कोपऱ्यातली जमीन खरवडून काढली, नवी माती घालून सारवली, भिंतीला चुना दिला. संदीपला निरोप गेला. जानेवारीत तो भारतीला घेऊन आला. आधी कोपऱ्यात गेला, खाली वाकून हुंगलं, मग परसात जाऊन खुराडं बघितलं. जात्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. पिशव्या आत आणून ठेवल्या आणि म्हणाला, "बरंय."

भारतीला पहिले चार दिवस धाप लागली नाही. पुढंही लागली नाही. रात्रीची सलग झोप लागू लागली. पण संध्याकाळी, चहाच्या वेळी, ती आत आणि आई बाहेर. खुराड्याजवळ भारतीनं जायचं नाही, असं बजावलेलं होतं. म्हणून ती शाल पांघरून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि परसापलीकडं बोलायची.

"आई, थंडी हाय. आत ये की."

"ह्या निजू दे. मी उठले तर ह्याबी उठत्यात."

"लेकीपरीस कोंबड्या बऱ्या."

"तुझ्यासाठीच बसलेय हितं, बाई."

"मग सासूबाई काय म्हनल्या, ते सांगू का नको?"

"सांग की. ऐकतेय."

भारती सांगू लागली. नाशकातली सासू, तिचे उपास, डोहाळजेवणातलं रुसणं. परस रुंद होता, त्यामुळं आवाज चढवावा लागत होता. लंकाबाई पाठमोरी, डाळ निवडत, मधूनच "मग?" म्हणत होती.

"भारती," भिंतीपलीकडून मेहताबभाभी म्हणाली, "जरा मोठ्यानं. सासू का रुसली, ते न्हाई कळलं मला."

काबरीनं लाकडावर जागा बदलली आणि डोळे मिटले. लंकाबाईनं मागं हात नेऊन फळीचं दार ओढून घेतलं. पण ती लगेच उठली नाही. भारतीचं सांगून अजून व्हायचं होतं.