घोडीला डाळ चारण्याचा मान

माझ्या लग्नात घोडी उधळली ती आजारी होती म्हणून, आणि हे मला माहीत होतं. आजवर मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. साठ सालानंतरची गोष्ट. बालाघाटला दवाखान्यात नुकताच लागलो होतो. घर खैरलांजीकडे, धानाच्या पट्ट्यात. वरातीची घोडी हट्ट्याच्या एका म्हाताऱ्याची होती. बाशिंग बांधून मी रिकिबीत पाय ठेवणार, तेवढ्यात तो कानाशी आला. घोडी कधीची माजावर आली नाही, उलट दुसऱ्या घोड्यांवरच चढते, एकदा पाहून द्याल का, असं हळूच म्हणाला. तिची मान मलाही दिसत होती, नराच्या मानेसारखी भरलेली. अशा घोडीबद्दल शिकताना वाचलंही होतं. पण हळदीच्या अंगानं कोण घोडी तपासणार? लग्न होऊ द्या, मग पाहू, म्हटलं.

मुलीच्या गावच्या शिवेत कोणाची तरी घोडी बांधलेली होती. तिला पाहून आमची घोडी नरासारखी खिंकाळली, मागच्या पायांवर उभी झाली, आणि मी बाशिंगासकट धानाच्या बांधीतल्या ढेकळांत. वरातीत हशा पिकला. ढोराच्या डॉक्टरले ढोरानंच पाडलं, कोणीतरी म्हणालं. तो हशा आईनं तोडला.

“पोरीचा पायगुण घोडीले समजला, आपल्याले नाई समजला.”

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. हसणं माझ्यावरून उठून जिला मी अजून नीट पाहिलंही नव्हतं, तिच्यावर जाऊन बसलं.

पावसाळ्याआधी म्हातारा घोडी घेऊन दवाखान्यात आला. मी हात घालून पाहिलं. एक अंडाशय नारळाएवढं, दुसरं आक्रसून सुपारीएवढं. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांनी कुशीत चीर देऊन ती गाठ काढली. म्हातारा सगळा वेळ घोडीच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता. गाठ कापून त्यांनी मला दाखवली, आत मधाच्या पोळ्यासारखी घरं आणि लालसर पाणी. ज्या पेशींनी मादीचं चक्र चालवायचं, त्यांचीच ही गाठ, ते म्हणाले; ती आपल्या मनानं हार्मोन तयार करत बसते, नराचंही, आणि ते रक्तात गेलं की घोडी बिचारी करणार काय. दुसरं अंडाशय का सुकतं, ते मात्र त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

म्हाताऱ्याला मी एकच गोष्ट सांगितली: आमच्या घरी हे बोलू नका. कळलं असतं तर हसणं पुन्हा माझ्यावरच आलं असतं. त्यालाही तेच हवं होतं. असला रोग कळला असता तर तिला वरातीला कोणी बोलावलं नसतं.

टाके सुकेपर्यंत घोडी दवाखान्याच्या आवारातच होती आणि आमचं क्वार्टर त्याला लागून. बायको रोज तिला भिजवलेली चण्याची डाळ चारायची. पहिले काही दिवस घोडी कान मागे पाडायची. मग खांद्यावर तोंड ठेवू लागली. तिला काय झालं होतं, बायकोनं विचारलं. कुशीत गळू होतं, मी म्हटलं.

“म्हणजे आपल्या लग्नातही दुखत असन तिले. म्हणून उधळली असन.”

दुखत नव्हतं, पण आजारी होती, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, चहा थंड होऊन राह्यला.

हळूहळू घोडीची मान उतरली. पुढच्या साली ती माजावर आली आणि पुन्हा वरातींना जाऊ लागली. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नालाही तीच आली. आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसण्याआधी घरच्या सवाष्णी तिला डाळ चारतात. पहिला मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझ्या बायकोचा. आईनं डाळीची परात माझ्या काकूच्या हाती दिली. बायको दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. लगाम माझ्या हातात होता. घोडीनं काकूच्या परातीला तोंड लावलं नाही. लगाम ओढत ती दाराकडे गेली आणि बायकोच्या खांद्यावर तोंड ठेवलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं आणि घोडी मागे ओढली.

त्या संध्याकाळी बायको माझ्या सदऱ्यावरची लाळ पुसत एवढंच म्हणाली, “जनावर काई विसरत नाई हो.” आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

म्हातारा गेला, घोडीही गेली. आई आहे, तिला कमी ऐकू येतं. थोरल्या पुतण्याचं लग्न ठरलं आहे, आणि परात कोणाच्या हाती द्यायची हे बायकोला सोडून घरात सगळ्यांनी ठरवलं आहे. अंगणात, आईच्या कानाशी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगायचं आहे की घोडी आजारी होती, मले माहीत होतं, आणि हिचा काहीच दोष नव्हता. तेवढं मी तिचं देणं लागतो.