चंद्रीचा आवळा

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू बायांनो, ऐका आन् तुमीच ठरवा, अक्कल म्हशीला जास्त का मला.

आमची म्हस चंद्री. पारडी असल्यापासनं मीच वाढवल्याली. गेल्या थंडीत तिचं पाय आखडाय लागलं, दातांवर तपकिरी डाग. लेकानं जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टर कसला, मिशी फुटायची हुती अजून. म्हणाला, "आजी, तुमच्या बोरच्या पाण्यात फ्लोराईड लय हाय. ते दातात, हाडात बसतंय. आधी पाणी बदला, नळाचं पाजा. जोडीला आवळा द्या, त्यानं त्या विषाचा मारा जरा कमी हुतो."

"आन् च्यवनप्राश कवा चारायचा?" मी इचारलं.

सून हसली. डॉक्टर न्हाई हसला.

नळाला पाणी एक दिवसाआड, ते म्हशीला? मी म्हणलं, "माझ्या सासूच्या म्हशी काय नळाचं पाणी पीत हुत्या?"

सून म्हणाली, "आत्या, तवा बोर तरी कुठं हुती?"

लय बोलती ती. मी पाण्याचं सोडून दिलं, आवळा तेवढा धरला. पण चंद्रीनं आवळा हुंगला आन् तोंड फिरवलं. बरोबर हाय, नुसता आवळा कोण खातंय? मी फोडी केल्या, मूठ भरभरून मीठ चोळलं.

"आत्या, डॉक्टर मिठाचं बोलला न्हाई."

"त्याला आवळा कसा खात्यात ते म्हायती असंल तर बोलंल की."

चंद्री फोडी चाटूनपुसून खायाला लागली. वर बादल्यावर बादल्या पाणी. मी आळीभर सांगत सुटले, "बघा, कशी तरतरी आली. पाणी पिती नुसती."

आन् एका सकाळी चंद्री उठंचना. तवा मातर मी लेकाला डॉक्टरकडं पळवलं.

डॉक्टरनं फोड उचलून जिभंला लावली. "आजी, हे खारट हाय."

"मग? तुमी अळणी खाता व्हय?"

"मिठानं तहान लागती. दुप्पट पाणी प्याली आसंल. कुठलं पाजलं?"

मी पदर तोंडाला लावला. सून म्हणाली, "बोरचं."

तिघांनी मिळून चंद्रीला उभी केली. डाग जायाचं न्हाईत म्हणाला डॉक्टर, पण पाणी बदललं तर पाय मोकळं हुतील. आता नळाच्या घागरी मीच वाहती गोठ्यात. आन् नळावर बाया इचारत्यात, तशी सून मला ऐकू जाईल आसं सांगती, "लोक आवळा देऊन कोहळा काढत्यात. आमच्या आत्यांनी आवळा देऊन आख्खी बोर उपसली."