चाळीसची लिमिट

दोन हजार सालच्या आसपास आमच्या ह्यांनी गाड्यांच्या मासिकात एक बातमी वाचली आणि सकाळचा चहा गार करून टाकला. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी आपापसात ठरवलं होतं, की यापुढे कुठलीही मोटरसायकल ताशी तीनशेच्या वर पळू द्यायची नाही. अंगात ताकद असली तरी गाडी तिथंच अडणार. घरातलं कुणी गेल्यासारखा ह्यांचा चेहरा झाला. "जनावर तयार करायचं आन् दाव्याला बांधायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

"तीनशेला का हुईना, अक्कल आली म्हणायची," मी म्हटलं. राजारामपुरीतल्या आमच्या नळ-पाइपांच्या दुकानातून तीनशेनं कुठं जायचं होतं, देव जाणे.

ह्यांची गाडी जुनी, दोन सिलिंडरची. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की मी आमटीला फोडणी द्यायची. एकशेवीसच्या पुढं तिचा काटा थरथरायचा म्हणे. मी मागं असले की मात्र चाळीस. साडी नेसून एका बाजूला बसलेली बायको घेऊन कोण पळवणार? मित्रांत हे मला "आमची लिमिट" म्हणायचे. मला ते खटकायचं नाही.

मग कागलच्या बाजूला चौपदरी रस्ता झाला. तोवर खड्डे, उसाचे ट्रॅक्टर आणि म्हशी यांनीच माणसं जिवंत ठेवली होती. दर रविवारी हे मित्रांबरोबर निपाणीला चहा प्यायला जाऊ लागले. चहा नावाला, खरं म्हणजे टॉप स्पीड बघायला. एका रविवारी त्यांच्यातला एक जण घसरला आणि मांडीत सळई घालून घरी बसला. पुढच्या रविवारी हे पुन्हा किल्ली शोधायला लागले. मला संताप आला. आमची पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

भांडून उपयोग नव्हता. मी पोरगीला सासूबाईंच्या हवाली केलं, पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला बांधली आणि म्हटलं, "मी बी येणार. टॉप काय असतंय ते मला बी दावा." मी मागं असले की ह्यांचा हात आवरेल, नाही आवरला तर मी बोंब ठोकीन, असा माझा हिशेब. आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडं पाय टाकून बसले.

कागल मागं पडलं. शंभरापर्यंत मी देवाचं नाव घेत होते. पुढं भीती कुठं गेली ते कळलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दुकान, चूल, सगळं मागं राहिलं होतं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मी ओरडले, "अजून! पळवा की अजून!"

गाडी मंदावली. एका बाभळीखाली येऊन थांबली. ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"तू भिऊन वरडशील, मग हळू करीन, आसं ठरवलं हुतं," हे म्हणाले. "तू तर अजून म्हणालीस. मग थांबवायचं कुणी? पोरगी घरात हाय."

येताना चाळीसनं आलो. दिवाळीच्या आधी ती गाडी विकली आणि स्कूटर आली. मी मुद्दाम तसं ओरडले, ती सगळी माझी युक्ती होती असं ह्यांना अजून वाटतं. आल्या-गेल्या पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. मला हवं होतं ते मिळालं, त्यात वाद नाही. मी पुन्हा साडी नेसून एका बाजूला बसते. कागलच्या पुढं रस्ता सरळ झाला, की माझा हात आपोआप ह्यांचा खांदा घट्ट धरतो.

"भ्यालीस व्हय?" हे विचारतात आणि स्कूटर आणखी हळू करतात.