सत्यशीला सिस्टरला कुणी विचारलं नाही

जिंतूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कंपाउंडर होतो. तिथं खुर्ची डॉक्टर माणिकरावांची आणि हुकूम सत्यशीला सिस्टरचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी विसाव्या वर्षी आठ दिवस जेल बघून आलेली बाई, ती साहेबाला काय भिणार? कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला कुणी आलं की ती दोनदा विचारायची, "पुन्यांदा लेकरू व्हायचं न्हाई. ठाव हाय ना?" बाई तोंडानं हो म्हणाल्याशिवाय कागदावर अंगठा घ्यायची नाही. मार्चमध्ये टार्गेट अपुरं पडलं की माणिकराव हात जोडायचे, तरीही नाही.

सत्त्याऐंशी साली तिच्याच स्तनात गाठ निघाली. वय अठ्ठावीस, लग्नाला दोन वर्षं, लेकरू नाही आणि लेकराची भारी हौस. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात स्तन काढला आणि दर महिन्याला इंजेक्शनं सुरू झाली. केस गळतील, उलट्या होतील, उन्हात फिरू नका, असं सगळं तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. समजावलं ते तिच्या नवऱ्याला, नागनाथ गुरुजींना. ही शेजारीच बसली होती.

दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी आली नाही. उलट्या तर होत्याच. सासू सरजाबाईंना एवढं पुरे झालं. 'कुणाला सांगू नका' असं म्हणत म्हणत त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं. माणिकरावांनी अभिनंदन करून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी पुडीत बांधल्या. दुसऱ्यांच्या पाळ्यांच्या तारखा पाठ असणारी सिस्टरसुद्धा गालातल्या गालात हसत ड्युटी करायला लागली. गाढवं होतो आम्ही सगळे.

पोटात लेकरू असताना तिसरं इंजेक्शन घ्यावं का, हे विचारायला ती शहरात गेली. गुरुजींना धीर म्हणून मीही गेलो. डॉक्टरांनी तपासून घेतलं आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "दिवसबिवस काही नाहीत. या औषधानं पाळी जाते. कधी कधी कायमची."

"सायेब, हिकडं बघून बोला," सिस्टर म्हणाली. "पाळी माजी गेली, गुरुजींची न्हाई. आदी का सांगितलं न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि बाई, जीव वाचवायचा की पोराबाळांचं बघायचं?"

"नळी बांधायला खेड्यातली अडाणी बाई येती, तिला मी दोनदा इचारते, मग अंगठा घेते. तुमी एवढे शिकलेले. माजं सगळंच बंद करायलाव आन् मला एक शब्द न्हाई?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. हे विचारायचं असतं, असं त्याला कुठल्या प्रोफेसरानं शिकवलंच नव्हतं. गर्भ गोठवून ठेवायचं काहीतरी मुंबईकडे सुरू झालंय असं ऐकलंय, पण कुठं आणि कसं ते माहीत नाही, असं त्यानं कबूल केलं. मग जरा चिडूनच म्हणाला, "समजा सांगितलं असतं, तर काय केलं असतं तुम्ही?"

"दोन दिवस रडले असते. मुंबईला कुणाला तरी गाठून इचारलं असतं. काईच जमलं नसतं तर हितंच येऊन इंजेक्शन घेतलं असतं. पर ते मी ठरवलं असतं."

गुरुजी जमिनीकडे बघत होते. मला माझी लाज वाटली. सिस्टरनं बाही वर केली आणि हात पुढे केला. "द्या आता."

तिचा जीव वाचला. पाळी परत आली नाही. पण त्या दिवशी एसटीतून उतरून घरी गेलो तेव्हा सरजाबाई दारातच उभ्या होत्या, काय म्हणाले डॉक्टर म्हणून विचारत. गुरुजींची जीभ रेटेना. माणिकरावांना बोलावणं धाडलं, तर ते मीटिंगला निघून गेले होते. मी निसटायला म्हणून चपला शोधायला लागलो. शेवटी सिस्टरनंच सासूला सगळं सांगितलं, आणि सरजाबाई रडायला लागल्यावर त्यांचे डोळेही तिनंच पुसले.