चोचीचा पेला

"अरे म्हाताऱ्या, पाणी पितोस का अंघोळ करतोस?"

महाडच्या दवाखान्याचा शिपाई पायरीवरून म्हणाला आणि हसला. हातात तांब्या. खाली अंगणात माझा बाप उकिडवा, ओंजळ तोंडाला लावलेली. तीनदा ओतलं. तिन्ही वेळा पाणी तोंडातून गळ्यावर. सदरा भिजला.

आम्ही महार. आम्हाला पाणी वरून ओतायचं, भांडं ओठाला लागू द्यायचं नाही, हा रिवाज. पण पाच महिन्यांपूर्वी मुंबईच्या इस्पितळात बापाचा डावा जबडा कापून काढला होता. कॅन्सर म्हणाले. वय सत्तरीपुढे. जीव वाचला, पण ओठ मिटेना. तिथल्या नर्सबाईने चोचीचा पेला त्याच्या ओठाला लावला होता. जात विचारली नाही.

पुढची तपासणी महाडला होती. गिळता येतं का, तेही बघणार होते. मी रस्त्याच्या कामावर हजेऱ्या मांडणारा. मोजल्याशिवाय मला चैन नाही. पोलादपूरला घरी बाप झारीने पावशेर पेज न सांडता पीत होता. झारी बरोबर नेता आली असती. पण मला वाटलं, चारचौघांसारखा ओंजळीने प्याला तर डॉक्टर कौतुक करतील. महिनाभर तालीम दिली. रोज दहा ओंजळी. पहिल्या दिवशी एकही आत गेली नाही. शेवटी तीन जाऊ लागल्या.

"पुरं कर रे. झारी दे," तो म्हणे.

"अजून एक," मी म्हणे. वहीत तीन लिहून मी खूश.

डॉक्टर वर ओसरीतल्या खुर्चीतूनच म्हणाले, "गिळणं आता असंच राहणार. जखम भरली, बरा आहे. पुन्हा यायला नको."

"गिळता येतं, साहेब. तुमच्या कपाटातला चोचीचा पेला लावला की येतं."

"तो रोग्यांसाठी आहे."

"मग हा कोण?"

डॉक्टर कागदावर 'बरा' लिहू लागले. बापाने माझ्याकडे बघितलं आणि चौथ्यांदा ओंजळ जोडली. मी शिकवलेली. कोपरं वर, मान मागे.

महिनाभर मी त्याला प्यायला शिकवत नव्हतो. वाकायला शिकवत होतो.

मी पायऱ्या चढलो. चार होत्या. कपाटातून पेला घेतला, ओसरीवरच्या माठात बुडवला. शिपाई "बाटवलंस रे!" ओरडत राहिला. पुढे आला नाही. मला शिवावं लागलं असतं. बापाला वर आणून बाकावर बसवलं. चोच ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावली. नऊ घोट. थेंब सांडला नाही.

"आजून दे," बाप म्हणाला.

"आता लिहा साहेब, गिळता येतं. आणि 'बरा' खोडा. त्याला भात चाववत नाही. त्याचं बोलणं घरच्यांनाच कळतं. लोकांसमोर तो जेवत नाही. हे विचारलंत?"

बाटला म्हणून पेला डॉक्टरांनी आमच्यासमोर अंगणात फोडला.

घरी येऊन मी तालमीची पानं चुलीत घातली. बोलावलं नसलं तरी पुढच्या महिन्यात महाडला जायचं. झारी न्यायची नाही. बाकावर बसायचं, पेला मागायचा. तोही फोडला, तर त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. माझ्या घरातलं कुणीही यापुढे ओंजळ जोडणार नाही.